फसलेला टेक आणि व्यवहारातील इंग्रजी : विनोदी ‘ब्लूपर्स’द्वारे शब्दसंपदा-अध्ययनाची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : ब्लूपर, आउटटेक, व्यवहारातील इंग्रजी, शब्दसंपदा, भाषिक स्खलन, संभाषणातील दुरुस्ती

प्रास्ताविक

परभाषेच्या अध्यापनात चित्रपटाचा उपयोग करावा की करू नये, हा वाद आता मागे पडला आहे. डीव्हीडीच्या तबकड्यांवर मूळ चित्रपटासोबत ‘अतिरिक्त भाग’ देण्याची प्रथा रूढ झाली आणि त्या भागांत चित्रीकरणाच्या वेळी फसलेली दृश्येही प्रेक्षकांच्या हाती आली. नट वाक्य विसरतो, दार उघडत नाही, समोरचा कलावंत हसू आवरू शकत नाही, अशा या तुकड्यांना सर्वत्र ‘ब्लूपर्स’ म्हणतात. ते लहान असतात, हसवतात आणि कथा ठाऊक नसली तरी कळतात. त्यामुळे व्यवहारातील इंग्रजी शिकविण्यासाठी ते सोयीचे साधन आहे, असे मत पुढे आले व त्यावर आधारलेले पाठही तयार होऊ लागले. या पाठांचा साचा बहुधा ठरलेला असतो. तुकडा दाखवायचा, हशा पिकला की थांबवायचा, आणि दृश्यातील पाचदहा शब्द अर्थासह फळ्यावर लिहून द्यायचे.

हशापाशी तुकडा थांबविणे ही या साच्यातील मूलभूत उणीव होय. ब्लूपरमधील भाषिक धन चुकीत फारसे नसते, हशातही नसते. चूक झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात नट, दिग्दर्शक आणि सहकलाकार जे बोलतात त्यात ते असते. सदर साधनाचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात याच भूमिकेवरून केले आहे.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. जून २००० पासून राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतही इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तरीही पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी इंग्रजी उतारा वाचून त्याचा अर्थ सांगतो आणि तोंडी दोन वाक्ये बोलण्याची वेळ आली की गप्प बसतो, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही. त्याच्याजवळ शब्द असतात. बोलताना अडखळल्यावर पुढे काय म्हणायचे, हे मात्र त्याला कोणी शिकविलेले नसते.

‘ब्लूपर’ या संज्ञेची व्याप्ती

‘ब्लूप’ हा मुळात ध्वन्यनुकारी शब्द. १९२०च्या दशकात शेजारच्या रेडिओसंचांत कर्कश आवाज उत्पन्न करणाऱ्या सदोष संचाला ‘ब्लूपर’ म्हणत. पुढे बेसबॉलच्या परिभाषेत आणि नंतर ‘चारचौघांत झालेली फजिती’ या अर्थी तो रुळला. त्याचा बोलबाला केला तो केर्मिट शेफर या अमेरिकन निर्मात्याने. १९५०च्या दशकात रेडिओ-दूरदर्शनवरील निवेदकांच्या चुकांच्या त्याच्या ध्वनिमुद्रिका लोकप्रिय झाल्या. त्यांतील काही चुका मूळच्या नव्हत्या, नटांकडून पुन्हा वदवून घेतलेल्या होत्या, असा आक्षेप त्यांवर घेतला जातो आणि तो रास्त आहे. चुकीची नक्कल करण्याचा मोह या प्रकाराला प्रारंभापासूनच जडलेला आहे.

चित्रपटसृष्टीत मात्र हा प्रकार त्याहून जुना आहे. वॉर्नर ब्रदर्स या संस्थेत १९३०च्या दशकाच्या मध्यापासून वर्षभरातील फसलेल्या दृश्यांची एक चित्रफीत ‘ब्रेकडाउन्स’ या नावाने तयार होई व ती संस्थेतील लोकांच्या वार्षिक मेजवानीत दाखविली जाई. हम्फ्री बोगार्ट, बेटी डेव्हिस यांसारखे नामवंत त्यांत वाक्य चुकताना आणि चुकल्यावर सरळ शिवी हासडताना दिसतात. हा तपशील केवळ गमतीचा नाही. १९३४ पासून अमेरिकन चित्रपटांवर निर्मितिसंहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली होती आणि असभ्य शब्दांना पडद्यावर मज्जाव होता. म्हणजे त्या काळातील अमेरिकन माणूस चिडल्यावर प्रत्यक्षात काय बोलत असे, याची नोंद प्रदर्शित चित्रपटात सापडत नाही. ती कापून टाकलेल्या तुकड्यात सापडते. फसलेल्या दृश्याच्या भाषिक मूल्याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

‘ब्लूपर’ या एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरतात, हेही येथे नमूद करावयास हवे. चित्रीकरणात फसून बाजूला पडलेला टेक, ज्याला ‘आउटटेक’ म्हणतात, ही एक. आणि प्रदर्शित चित्रपटात राहून गेलेली विसंगती, जिला बोलीत ‘गूफ’ म्हणतात, ही दुसरी. ‘प्रिटी वुमन’ (१९९०) मध्ये न्याहारीच्या दृश्यात नायिकेच्या हातातील क्रोसाँचा पुढच्या क्षणी पॅनकेक होतो. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) मध्ये उपाहारगृहात बसलेला एक मुलगा गोळी सुटण्याआधीच कानात बोटे घालतो. ‘कमांडो’ (१९८५) मधील चेमटलेली पिवळी मोटार पुढच्या दृश्यात कोरी करकरीत होऊन धावते. या विसंगतींत कोणी काही बोलत नाही. बोलावे लागते ते पाहणाऱ्याला. काय आधी होते, नंतर काय झाले, कोणी काय केले, हे सांगताना विद्यार्थ्याला वस्तूंची नावे लागतात आणि भूतकाळाची रूपे वापरावी लागतात. ‘डेंट’ हा शब्द आपल्याकडील गॅरेजमध्ये ‘डेंटिंग-पेंटिंग’च्या जोडीने कित्येक वर्षे वावरतो आहे. तो विद्यार्थ्याच्या ओळखीचा असतो, फक्त तो इंग्रजी वाक्यात नाम म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही, हे ठाऊक नसते. गूफचा उपयोग असा लेखन-कथनासाठी आहे. ऐकण्या-बोलण्याची भाषा आउटटेकमधून मिळते. पाठ्यसामग्री तयार करणारे या दोहोंची सर्रास सरमिसळ करतात आणि मग दोहोंचेही काम अर्धवट राहते.

आवाज बंद करून पाहणे

कोणता तुकडा भाषेच्या तासाला घ्यावा, याची एक साधी कसोटी सुचविता येते. आवाज पूर्ण बंद करून तुकडा पाहावा. तरीही तितकेच हसू येत असेल, तर तो विनोद शारीर आहे. भाषेच्या तासाला तो निरुपयोगी आहे, निदान गौण आहे. जॅकी चॅनच्या चित्रपटांच्या अखेरीस येणारे बहुसंख्य तुकडे या कसोटीवर गळतात. हॅल नीडहॅम दिग्दर्शित ‘द कॅननबॉल रन’ (१९८१) मध्ये चॅनने काम केले होते. त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीसोबत दाखविलेली फसलेली दृश्ये पाहून त्याने ही पद्धत आपल्या हाँगकाँगमधील चित्रपटांत आणली. परंतु त्याच्या तुकड्यांत उड्या, आपटणे आणि दुखापतीच अधिक. ‘रंबल इन द ब्राँक्स’ (१९९५) च्या अखेरीस त्याचे मोडलेले पाऊल दिसते. प्रेक्षक हळहळतो, थक्क होतो; इंग्रजीचा एकही शब्द त्याच्या पदरात पडत नाही.

याउलट ‘बीइंग देअर’ (१९७९) च्या अखेरचा तुकडा डोळे मिटूनही हसवतो. पीटर सेलर्सला एक निरोप अगदी निर्विकारपणे सांगायचा आहे आणि दर वेळी त्याला मध्येच हसू फुटते. तो पुन्हा आरंभ करतो, पुन्हा फसतो. आपल्या भूमिकेची जादू या तुकड्याने भंगते, म्हणून खुद्द सेलर्सला तो तेथे जोडलेला रुचला नव्हता. कलादृष्ट्या त्याचे म्हणणे बरोबर होते. भाषा-अध्यापकाने मात्र दिग्दर्शक हॅल अॅशबीचे आभार मानावेत. एकच वाक्यसमूह तोच वक्ता त्याच हेलात पुनःपुन्हा उच्चारतो आणि त्या पुनरुक्तीला स्वाभाविक कारण असते. नवा शब्द अनेकदा कानावर पडल्याखेरीज रुजत नाही, हे शब्दसंपदेच्या अभ्यासकांचे सर्वमान्य मत आहे. वर्गातील घोकंपट्टीला विद्यार्थी कंटाळतो तोही याच तत्त्वापायी. फसलेल्या टेकमध्ये घोकंपट्टी होते आणि ती कोणाला जाणवत नाही.

चुकीनंतरची भाषा

नट चुकला की तो प्रथम एखादा उद्गार काढतो, मग माफी मागतो, मग कारण सांगतो आणि शेवटी पुन्हा सुरुवात करण्याची परवानगी मागतो. हा सगळा व्यवहार दहाबारा सेकंदांत उरकतो. त्यात येणारी वाक्ये कोणत्याही संहितेत लिहिलेली नसतात. ‘सॉरी, सॉरी’, ‘होल्ड ऑन’, ‘आय लॉस्ट माय लाइन’, ‘आय मेस्ड इट अप’, ‘लेट मी डू दॅट अगेन’, ‘फ्रॉम द टॉप’, ‘वन मोअर’ ही त्यांतील नेहमीची. यांतील बहुतेक शब्द विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या इयत्तेपासून माहीत असतात. त्यांचे हे जुळलेले रूप माहीत नसते. ‘होल्ड’ म्हणजे धरणे आणि ‘ऑन’ म्हणजे वर, एवढे शिकलेल्या मुलाला ‘होल्ड ऑन’ म्हणजे ‘थांबा जरा’ हे कसे उमगावे? ‘फ्रॉम द टॉप’चे ‘वरून’ असे भाषांतर करणारा विद्यार्थी चुकतो, कारण मराठी माणूस अशा वेळी ‘पहिल्यापासून’ म्हणतो. उलट ‘क्रॅक अप’च्या बाबतीत मराठी मदतीला धावून येते. आपल्याकडे हसू ‘फुटते’, इंग्रजीत हसणारा माणूसच फुटतो. प्रतिमा एकच असल्यामुळे हा वाक्प्रयोग मराठी विद्यार्थ्याच्या लक्षात चटकन राहण्याजोगा आहे.

रंगभूमीच्या परिभाषेचेही येथे स्मरण होते. मराठी नट ‘फंबल झाले’ म्हणतो, इंग्रज नट त्याच गोष्टीला ‘फ्लफ’ म्हणतो, वाक्य पार विसरला तर ‘ड्राय’ झाला म्हणतो, आणि नको त्या वेळी रंगमंचावर हसू आले तर ‘कॉर्प्स’ हे क्रियापद वापरतो. प्रेताची भूमिका करणाऱ्याला हसू यावे, अशी त्यामागची कल्पना सांगतात. ‘रीटेक’ हा शब्द तर आपण इतका आपलासा केला आहे, की परीक्षेपासून विवाहाच्या छायाचित्रांपर्यंत तो कोठेही चालतो. अमेरिकन दिग्दर्शक सेटवर बहुधा ‘लेट्स गो अगेन’ एवढेच म्हणतो.

हे प्रयोग सर्वत्र सारखेच चालतात, असे मात्र नाही. ‘माय बॅड’ हा कबुलीचा अमेरिकन बोलीप्रयोग ‘क्लूलेस’ (१९९५) सारख्या चित्रपटांनी तरुणांत पसरविला. मुलाखतीत अधिकाऱ्यांपुढे तो उच्चारणारा उमेदवार उद्धट ठरेल. शिव्यांच्या बाबतीत धोका अधिक. परभाषेतील अपशब्दाचा भार बोलणाऱ्याला जाणवत नाही आणि ऐकणाऱ्याला पुरेपूर जाणवतो. इंग्रजीत यावर ‘शूट’, ‘डार्न’, ‘हेक’ असे सौम्य केलेले उद्गार आहेत, जसे मराठीत मूळ शिवीची धार घालवून ‘आयला’ उरते. शिक्षकाने या शब्दांचे वजन सांगितले नाही, तर विद्यार्थी ते चित्रपटातून उचलतो आणि नको तेथे वापरतो.

संभाषणाच्या अभ्यासात या विषयाला भक्कम आधार आहे. इमॅन्युएल शेगलॉफ, गेल जेफरसन आणि हार्वे सॅक्स यांनी १९७७ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील लेखात दाखविले, की बोलताना झालेली चूक सावरण्याची संभाषणात एक सुव्यवस्थित यंत्रणा असते आणि बोलणाऱ्याने स्वतःच दुरुस्ती करावी याकडे तिचा कल असतो. श्रोता क्षणभर थांबतो, संधी देतो. पाठ्यपुस्तकांतील संवादांत ही यंत्रणा दिसत नाही, कारण तेथे कोणी चुकतच नाही. रमेश प्रश्न विचारतो, सुरेश पूर्ण वाक्यात उत्तर देतो आणि धडा संपतो. असे बोलणे इंग्लंडातही कोणी बोलत नाही.

स्खलन आणि दोष

ब्लूपरच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद वारंवार केला जातो : खुद्द इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही चुकतात, हे पाहून विद्यार्थ्याची भीती जाते. यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये ‘मिस्टेक’ आणि ‘एरर’ यांत केलेला भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. जीभ घसरणे हे स्खलन. वक्त्याला नियम ठाऊक असतो आणि तो लगेच सावरतो. शिकणाऱ्याचा दोष नियमच अजून न जुळल्यामुळे होतो, म्हणून तो त्याला दिसत नाही. नटाचे ‘ततपप’ आणि विद्यार्थ्याचे ‘ही डोन्ट नो’ या एका जातीच्या चुका नव्हेत. त्या एक आहेत असे भासविणे ही विद्यार्थ्याची फसवणूक ठरते, हेतू कितीही चांगला असो.

स्खलनातूनही शिकण्यासारखे असते. ते मात्र वेगळे. व्हिक्टोरिया फ्रॉम्किन यांनी १९७१ मध्ये दाखविले की बोलण्यातील घसरणी नियमबाह्य नसतात. ‘अॅन आंट्स मनी’ म्हणू पाहणाऱ्याची जीभ घसरून शब्दांची अदलाबदल होते आणि तो ‘अ मनीज आंट’ म्हणतो, तेव्हा ‘अॅन’चे ‘अ’ आपोआप झालेले असते. शब्द चुकला तरी उपपद चुकले नाही. उपपदांशी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला नियम कंठस्थ असणे आणि नियम जिभेत मुरलेला असणे यांतील अंतर अशा एका उदाहरणाने कळते.

रचलेल्या चुका

पिक्सार या संस्थेने ‘अ बग्ज लाइफ’ (१९९८), ‘टॉय स्टोरी २’ (१९९९) आणि ‘मॉन्स्टर्स, इंक.’ (२००१) या चित्रपटांच्या शेवटी फसलेली दृश्ये जोडली. अॅनिमेशनमध्ये पात्राला वाक्य विसरता येत नाही. हा सारा भाग लिहून, रेखाटून, आवाज देऊन रचलेला आहे. शेफरच्या ध्वनिमुद्रिकांतील लपविलेल्या नकलेपेक्षा ही उघड नक्कल अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण तिची गंमतच अशक्यतेत आहे. अध्यापनासाठी हे तुकडे आकर्षक ठरतात : उच्चार स्पष्ट, पार्श्वभूमीचा गोंगाट नाही, शिव्या नाहीत. सुरुवातीच्या वर्गासाठी ते घ्यावेत. पण त्यांतील अडखळणेही नीटनेटके असते. खऱ्या आउटटेकमध्ये तिघे एकाच वेळी बोलतात, अर्धे वाक्य हवेत विरते, कोणीतरी चौकटीबाहेरून काहीतरी ओरडते. व्यवहारातील इंग्रजी असेच कानावर येते. शिवाय सोज्वळपणाची हमी येथेही कायमची नाही. ‘टॉय स्टोरी २’ मधील एक तुकडा, ज्यात एक वयस्क पात्र दोन बाहुल्यांना चित्रपटात भूमिका देण्याचे आमिष दाखविते, २०१९ मध्ये घरगुती आवृत्तीतून वगळण्यात आला.

कोण कोणाला हसते

‘रश अवर’ (१९९८) च्या अखेरचे तुकडे या विषयात सर्वांत महत्त्वाचे मानावे लागतील. जॅकी चॅनची मातृभाषा कँटोनीज. इंग्रजी त्याने मोठेपणी कष्टाने मिळविली. इंग्रजी वाक्य त्याच्या जिभेवर चढत नाही, तो पुनःपुन्हा अडखळतो आणि सेटवर हशा होतो. एवढेच असते तर तो परकीय उच्चारांची टवाळी करणारा जुनाच विनोद झाला असता. परंतु त्याच तुकड्यांत ख्रिस टकरला चिनी शब्द उच्चारायचे आहेत आणि ते काही केल्या जमत नाहीत. तेव्हा चॅन त्याची फिरकी घेतो : आता समजले ना, इंग्रजी बोलताना काय होते ते! शिकणारा कोण आणि जाणता कोण, हे क्षणार्धात पालटते. या पालटामुळेच हा हशा दुखवीत नाही. ब्लूपर निवडताना ही बाब शब्दांच्या यादीइतकीच तपासली पाहिजे.

हसणे एकतर्फी झाले की काय होते, ते गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) ने दाखविले आहे. पुण्यातील शशी गोडबोले ‘जॅझ’ हा शब्द चुकीचा उच्चारते आणि तिचीच मुलगी व नवरा हसतात. न्यूयॉर्कच्या कॉफीगृहात तिच्यावर प्रश्नांची सरबत्ती होते आणि तिला साधे ‘थांबा जरा, पुन्हा सांगा’ म्हणता येत नाही. पदार्थांची नावे तिला हळूहळू कळली असती. त्या क्षणी कमी पडले ते सावरण्याचे वाक्य. पुढे इंग्रजीच्या वर्गात तिच्यासारखेच चुकणारे निरनिराळ्या देशांचे सहाध्यायी तिला भेटतात आणि तेथे मात्र ती मोकळेपणी हसते. मराठी माध्यमातून आलेल्या ज्या विद्यार्थ्याच्या उच्चारांना एकदा वर्ग हसला आहे, त्याच्यापुढे केवळ परकीय उच्चारांवर बेतलेला तुकडा ठेवणे म्हणजे जुनी जखम उकरणे होय.

तुकड्याचे लेखन

एक व्यावहारिक अडचण नोंदविणे अवश्य आहे. मूळ चित्रपटाला उपशीर्षके असतात. फसलेल्या दृश्यांना ती बहुधा नसतात. संगणक आपोआप जी उपशीर्षके देतो त्यांत अडखळणे, अर्धवट शब्द आणि उद्गार पुष्कळदा गळतात. शब्दगणनेच्या अभ्यासांतही अशा ध्वनींची गत काहीशी हीच. स्टुअर्ट वेब आणि मायकेल रॉजर्स यांनी २००९ मध्ये ३१८ चित्रपटांच्या संहिता तपासल्या. इंग्रजीतील सर्वाधिक प्रचलित ३,००० शब्दकुले ठाऊक असली, तर विशेषनामे व किरकोळ शब्द धरून चित्रपटांतील सुमारे ९५.७६ टक्के शब्द ओळखता येतात, असे त्यांना आढळले. ‘किरकोळ शब्द’ या सदरात ‘ओह’, ‘अम्’ यांसारखे उद्गार येतात आणि ते श्रोत्याला कळतातच, असे गृहीत धरलेले असते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावे लागेल. मराठीत विचार करताना माणूस ‘अं’ म्हणतो, होकारासाठी ‘हं’ म्हणतो; इंग्रजीतील ‘अ-हा’ आणि ‘अह्-ओह’ यांतील एक संमतीचा आणि दुसरा संकटाचा, हे त्याला सांगावे लागते.

त्यामुळे तुकडा वर्गात नेण्यापूर्वी शिक्षकाने तो कान देऊन स्वतः उतरवून घेणे हाच मार्ग उरतो. एक मिनिटाच्या फसलेल्या दृश्यासाठी अर्धा-पाऊण तास सहज जातो. कोण कोठे थांबले, कोणाच्या बोलण्यावर कोण बोलले, वाक्य कोठे तुटले आणि कोणत्या शब्दाने पुन्हा जोडले, हे सारे कागदावर आले पाहिजे, ‘अम्’ आणि ‘अर्’ यांसह.